शैलाताईंचा उजवा गाल: फिलरनंतर आलेल्या गाठीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शैलाताई माझ्या क्लिनिकमध्ये आल्या त्या गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि औषधं जशी होती तशीच ठेवली आहेत. वय ५६, नाशिक जिल्ह्यातल्या एका बँक शाखेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. सोबत मुलगी होती. मुलीचं लग्न कार्तिक वद्यात ठरलं होतं, म्हणजे हातात सुमारे दहा आठवडे.

बोलायला सुरुवात मुलीनेच केली. साखरपुड्याचे फोटो आले होते, आणि त्यातल्या एका फोटोत शैलाताई आणि होणाऱ्या विहीणबाई शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींच्या वयात चारच वर्षांचं अंतर. "मॅडम, फोटोत आई त्यांची आई वाटतेय," मुलगी म्हणाली. शैलाताई हसल्या, पण फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

मागणी स्पष्ट होती: नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन घड्या भरून द्या आणि कपाळावरच्या आठ्या घालवा.

तपासताना जे दिसलं ते या मागणीशी पूर्ण जुळत नव्हतं. तीस वर्षं स्कूटरवरून बँकेत येणं-जाणं झालेलं, सनस्क्रीन कधीच नाही. दोन्ही गालांवर वांग. भुवयांच्या मध्ये दोन खोल उभ्या आठ्या. पण थकलेपण यायचं ते मुख्यतः गालांमुळे. दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला, तेव्हापासून त्यांनी चालणं-पथ्य मनावर घेतलं आणि ११ किलो वजन उतरवलं. साखरेसाठी ते उत्तमच, पण वजन उतरताना शरीर चेहऱ्याला विचारत नाही. डोळ्यांखालच्या चरबीच्या गाद्या बारीक झाल्या होत्या. त्यात पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं असं मानलं जातं. नाकाशेजारची घडी हा या सगळ्याचा परिणाम होता. गाल खाली आला की घडी पडते. तिला खड्डा समजून बुजवत बसलं तर तोंडाभोवतीचा भाग जड होतो आणि हसताना माकडासारखा फुगतो. हे मी रुग्णांना सहसा एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगत नाही. शैलाताईंना सांगितलं.

औषधं: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९ टक्के. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नाहीत, स्नायूंचा काही आजार नाही, कसली ॲलर्जी नाही. "याआधी चेहऱ्यावर काही इंजेक्शन, काही उपचार?" हा प्रश्न माझ्या छापील फॉर्मवर होताच. शैलाताईंनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "छे हो, आम्ही कुठले." मी "नाही" वर खूण केली.

ते पाहणं मला दिसलं होतं. मी ते थांबून वाचलं नाही. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय इंजेक्शन काहीच न देण्याचा होता. सनस्क्रीन, रात्री रेटिनॉइडचं (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं) मलम, वांगासाठी वेगळं औषध. याचा फायदा खरा, पण दिसायला तीन-चार महिने लागतात आणि सुरुवातीला रेटिनॉइडने त्वचा लाल होऊन सोलवटते. लग्नाआधी हे पूर्ण होणार नव्हतं. तरीही मी ते पहिल्या दिवशीच सुरू करायला सांगितलं, कारण ते लग्नासाठी नव्हतंच.

दुसरा: फक्त बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे लोक ज्याला सरसकट बोटॉक्स म्हणतात ते. मुलीला त्याची भीती वाटत होती. "ते विष ना?" हो, मूळ विषच. पण नेत्रतज्ज्ञ ते तिरळेपणासाठी वापरायचे, आणि सौंदर्याची वाटही डोळ्यांच्याच दवाखान्यातून निघाली. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये नेत्रतज्ज्ञ जीन कॅरथर्स पापण्यांच्या आकडीवर ते देत होत्या, आणि एका रुग्णाच्या लक्षात आलं की भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि आठ्यांसाठीची अमेरिकी परवानगी २००२ मध्ये आली. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप काही महिने अडवायचा, इतकंच त्याचं काम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परिणाम जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी छान. उतरलेल्या गालांसाठी त्याचा उपयोग शून्य.

तिसरा: हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे चेहऱ्याला भराव देण्यासाठी टोचायचं जेल. हे ॲसिड आपल्या त्वचेत मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. फिलरमध्ये त्याचे धागे रासायनिक गाठी मारून एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे तो काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतो. त्याचा माझ्या लेखी सर्वांत मोठा गुण असा की तो परत विरघळवता येतो: हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की तो वितळतो. धोकेही आहेत. सुई रक्तवाहिनीत गेली तर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर होते, आणि क्वचित, विशेषतः नाक आणि भुवयांच्या मधल्या भागात, दृष्टी जाऊ शकते. म्हणून हायल्युरोनिडेज फ्रीजमध्ये नसेल त्या दिवशी मी फिलरची सिरिंज उघडत नाही.

चौथा म्हणजे कमी गुंतवलेल्या हायल्युरोनिक ॲसिडची त्वचा ओलसर ठेवणारी इंजेक्शनं, ज्यांना स्किन बूस्टर म्हणतात. त्वचेचा पोत सुधारतो, आकार बदलत नाही, बहुधा महिन्याच्या अंतराने दोनदा घ्यावी लागतात. वेळेच्या हिशेबात ती बसत होती, तक्रारीच्या हिशेबात नाही.

ठरलं ते असं: आठ्यांना आणि डोळ्यांच्या कडांना टॉक्सिन, दोन्ही गालांच्या वरच्या भागात थोडा फिलर, आणि घड्यांना हात लावायचा नाही. गाल उचलला की घडी आपोआप निम्मी होईल.

वेळापत्रक

मला त्याच आठवड्यात करायचं होतं. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्या रुग्णासाठी समारंभाआधी दोन-तीन महिने हातात हवेत. सूज आणि निळे डाग दोन आठवड्यांत जातात, पण गाठी किंवा दाह उशिरा आला तर तो निस्तरायला जागा लागते.

शैलाताई म्हणाल्या, "पितृपक्ष लागलाय, त्यात नको." पंधरवडा झाला की नवरात्र, घरी घट बसतात, नऊ दिवस उपवास, त्यातही नको. मग दसरा. मी दोनदा सुचवलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. रुग्णाच्या पंचांगाशी भांडून कुणी डॉक्टर जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी दुसरा रस्ता होता आणि तो मी मांडला नाही: आता टॉक्सिन आणि मलमं, फिलर लग्नानंतर. दसऱ्यानंतर सर्व काही एकत्र करायचं असं ठरवताना मी दहा आठवड्यांचे साडेसहा आठवडे करून टाकले.

काय केलं

दसऱ्याच्या दोन दिवसांनी त्या आल्या. या लेखात त्या दिवसाला शून्य धरते.

भुवयांच्या मध्ये पाच ठिकाणी मिळून २० युनिट टॉक्सिन, डोळ्यांच्या कडांना प्रत्येक बाजूला ८ युनिट. गालांत हाडालगत प्रत्येक बाजूला ०.७ मिली फिलर, बोथट टोकाच्या पोकळ नळीने (कॅन्युलाने). आरशात पाहून त्या खूश झाल्या. घड्या कमी झाल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या. आणि सिरिंजमध्ये अजून फिलर शिल्लक होता.

"एवढ्यात घातलंच आहे, तर इथेही थोडं घाला ना. उरलेलं फेकूनच द्याल." एका सिरिंजचे वीस-बावीस हजार रुपये मोजणाऱ्या माणसाचं हे म्हणणं चुकीचं नाही. भाजीवाल्याकडे जुडी घेतली तर आपणही देठं टाकत नाही. मी प्रत्येक घडीत ०.३ मिली घातलं. वैद्यकीय कारण नव्हतं. त्यांचा आग्रह होता आणि सिरिंज हातात होती.

उजव्या घडीत सुई जाताना एका ठिकाणी किंचित अडली, जाड कागदातून गेल्यासारखी. दात काढलेले असले की अशा जागा कधी कधी घट्ट लागतात, आणि शैलाताईंच्या दोन दाढा काढलेल्या होत्या. मी दिशा बदलली आणि पुढे गेले. पुढची वीस मिनिटं त्वचेचा रंग पाहिला, दाबून रक्त परत भरतंय का तेही तपासलं. सगळं ठीक होतं.

चौदाव्या दिवशी तपासणी. आठ्या गेलेल्या, गाल हलकेच वर, चेहरा त्यांचाच. फोटो काढले. फाईलवर मी "उत्तम" असं लिहिलं.

पाडव्याचा फोन

एकोणिसाव्या दिवशी, दिवाळी पाडव्याला सकाळी, मुलीचा फोन आला. आईचा उजवा गाल नाकाशेजारी सुजलाय, लाल झालाय, हात लावला की दुखतंय. पाठोपाठ तीन फोटो. क्लिनिकला चार दिवस सुट्टी होती.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर गोळी लिहून देण्याचा मोह होतो. फोटोवरून रक्तवाहिनी बंद पडल्यासारखं वाटत नव्हतं. तो प्रकार सहसा इंजेक्शनच्या वेळी किंवा एक-दोन दिवसांत कळतो, एकोणिसाव्या दिवशी नाही. पण पू आहे का, गाठ मऊ आहे की टणक, एकच आहे की दोन, हे फोटोत दिसत नाही. मी त्यांना भाऊबीजेच्या सकाळी क्लिनिक उघडून बोलावलं आणि तोवर गाल चोळू नका, शेकू नका असं सांगितलं.

उजव्या घडीत साधारण पावट्याएवढी टणक, गरम गाठ होती. वरची त्वचा लाल. पू जाणवत नव्हता. ताप नव्हता. डावी घडी आणि दोन्ही गाल स्वच्छ. डावीकडे त्याच सिरिंजमधला तोच फिलर, तेवढाच, तरी काही नाही. हे मला सर्वांत जास्त खटकलं. फिलर दूषित असता तर दोन्ही बाजूंना काहीतरी दिसलं असतं.

मी मुलीला समोरच्या औषधाच्या दुकानातून एक क्रीम आणायला पाठवलं. क्रीमची गरज नव्हती. दार लागल्यावर शैलाताईंना विचारलं, "ताई, आधी कधी इथे काही टोचून घेतलं होतं का? मी कुणाला सांगणार नाही. पण मला कळल्याशिवाय औषध ठरणार नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ वर्षं झाली. मुंबईत. नणंदेबरोबर."

एका फ्लॅटच्या हॉलमध्ये सात-आठ बायका रांगेने बसल्या होत्या. एका बाईने, ती डॉक्टर होती की ब्युटीशियन ते शैलाताईंना आजही ठाऊक नाही, सगळ्यांना एकाच बाटलीतून भरून टोचलं. "कायमचं" असं सांगितलं होतं. उजव्या घडीत दिलं आणि इतकं दुखलं की त्यांनी डावीकडे नको म्हटलं. यजमानांना माहीत नाही, मुलीला तर नाहीच. "त्या वेळी माझ्याच पैशाने केलं होतं," असंही त्या म्हणाल्या. तो मुद्दा त्यांच्यासाठी महत्त्वाचा होता.

बाटली हा शब्द ऐकल्यावर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर बंद, निर्जंतुक, आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येतो आणि एका रुग्णाची सिरिंज दुसऱ्याला वापरत नाहीत. बाटलीतून रांगेत दिला जाणारा "कायमचा" पदार्थ बहुतेकदा द्रवरूप सिलिकॉन असतो. डोळ्यातल्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांमध्ये सिलिकॉन तेल वापरतात. सुरकुत्या भरण्यासाठी ते टोचायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कधीही परवानगी दिलेली नाही. ते विरघळत नाही. शरीर त्याभोवती तंतूंची भिंत बांधतं, आणि वर्षानुवर्षं शांत राहिलेली ती जागा नवी सुई, नवा पदार्थ किंवा जंतूंच्या निमित्ताने पेटू शकते.

त्या दिवशी दुसरी एक गोष्ट निघाली. नवव्या दिवशी त्यांनी दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घेतले होते. लग्न आहे, फोटो आहेत, दातही नीट दिसायला हवेत. दातांच्या कामानंतर तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात फिरतात, म्हणून फिलरच्या आधी आणि नंतर दोन आठवडे ते टाळायला सांगतात. माझ्या सूचनापत्रात व्यायाम, सॉना, फेशियल आणि मद्य होतं. दात नव्हते. शैलाताईंनी आयुष्यात सॉना पाहिलेला नाही.

गाठीचं कारण जुनं सिलिकॉन, दातांची सफाई की दोन्ही, हे खात्रीने सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा निर्णय

लग्नाला २५ दिवस होते, केळवणं सुरू व्हायची होती. शैलाताईंच्या भावाचे एक परिचित डॉक्टर घरी म्हणाले होते, "स्टिरॉइडची गोळी घ्या, चार दिवसांत बसेल." ती बसलीही असती. पण आत जंतू असतील तर स्टिरॉइडने त्यांना रान मोकळं मिळतं, वरून सगळं शांत दिसतं आणि नेमकं लग्नाच्या आठवड्यात परत उसळतं. शिवाय साखर. कष्टाने ६.९ वर आणलेली साखर गोळ्यांनी भडकली असती.

हायल्युरोनिडेज लगेच द्यावं का? ते फिलर वितळवतं, पण ऊतींमधले अडथळेही मोकळे करतं, त्यामुळे जंतू असतील तर ते पसरण्याची भीती. म्हणून आधी प्रतिजैविक. क्लॅरिथ्रोमायसिन अशा गाठींसाठी बरेचदा वापरतात, पण ते ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबर घेतलं तर स्नायूंना इजा होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी मधुमेहींची साखर खाली-वर होते. मी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन आठवडे, असं ठरवलं. तिसऱ्या पर्यायाचाही विचार केला होता: रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होईपर्यंत काहीच न देता थांबायचं. सणाच्या दिवशी ते निकाल यायला दोन दिवस गेले असते आणि दाह वाढत होता. थांबले नाही.

बाविसाव्या दिवशी सोनोग्राफी झाली. चेहऱ्याच्या त्वचेसाठी जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब (त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग) लागतो, तो असलेले रेडिओलॉजिस्ट शहरात मोजकेच. पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. वर एक काळं, स्वच्छ तळं: माझा फिलर. त्याखाली पांढरा धूसर पट्टा, हिमवादळासारखा, ज्याच्यामागचं काहीच दिसत नव्हतं. रेडिओलॉजीत त्या चित्राला तेच नाव आहे आणि ते सिलिकॉनचं लक्षण मानतात. सुई ज्या ठिकाणी जाड कागदासारखी अडली होती ते ठिकाण हेच.

तेविसाव्या दिवशी, प्रतिजैविकाला तीन दिवस झाल्यावर, मी हातावर हायल्युरोनिडेजची चाचणी घेतली, वीस मिनिटं थांबले, आणि उजव्या घडीत १५० युनिट दिले. सोनोग्राफीतली खोली समोर ठेवून, फक्त वरच्या तळ्यात. गालांतला फिलर वाचवायचा होता. चार दिवसांनी आणखी १०० युनिट. लाली गेली, दुखणं गेलं, सूज निम्म्याहून कमी झाली.

आत वाटाण्याएवढी टणक गाठ उरली. ती सिलिकॉनची आणि तिला एन्झाइमने काही होणार नव्हतं. प्रतिजैविकाचे तेरा दिवस झाल्यावर, तेहेतिसाव्या दिवशी, मी त्या गाठीतच सौम्य प्रमाणात स्टिरॉइडचा एक थेंब दिला. गोळीऐवजी थेट गाठीत दिल्याने साखरेवर जवळजवळ परिणाम होत नाही. जास्त दिलं तर मात्र तिथे खळगा पडतो, म्हणून हात आखडता.

हे सगळं चालू असताना मुलीला काय सांगायचं, हाही निर्णय होता. शैलाताईंनी "दातांमुळे झालं" असं सांगा म्हटलं. तो खोटेपणा नव्हता, अर्धं खरं होतं. मी मुलीला इतकंच म्हटलं की फिलरभोवती दाह झाला, असं कधी कधी होतं, दातांच्या कामाने ते वाढू शकतं आणि उपचार नीट चालू आहेत. उरलेलं सांगण्याचा अधिकार आईचा.

हायल्युरोनिडेजचे आणि नंतरच्या भेटींचे पैसे मी घेतले नाहीत. सहकाऱ्यांपैकी एक-दोघांचं मत होतं की असं केल्याने चूक कबूल केल्यासारखं होतं. घडीतले ते ०.३ मिली माझ्या मूळ योजनेत नव्हते, ही चूक माझीच होती.

निष्पत्ती

पंचेचाळिसाव्या दिवशी लग्न झालं. उजव्या घडीत बोटाला लागणारी गाठ होती, डोळ्यांना दिसणारी नव्हती. उजवी घडी डावीपेक्षा थोडी खोल झाली होती, कारण तिथला फिलर विरघळवला होता. शैलाताईंनी मेकअप करणाऱ्या मुलीला त्या बाजूला दाबून काही करू नको एवढं सांगितलं. दोघी विहिणींचा फोटो त्यांनी मला पाठवला. फरक अजूनही दिसतो. विहीणबाई जन्मतःच भरल्या गालांच्या आहेत.

सिलिकॉन काढून टाकायचं का, यावर प्लास्टिक सर्जनचं मत घेतलं. ते ऊतींत पसरलेलं असतं, गोळा होऊन बसलेलं नसतं, त्यामुळे काढायला गेलं तर चेहऱ्यावर व्रण आणि नसांना धोका. सध्या शांत आहे तोवर हात लावू नये, असं ठरलं. त्या जागेत पुढे कधीही कुठलाही फिलर नाही, हे फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे आणि शैलाताईंच्या फोनमध्येही त्याचा फोटो आहे, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या तर दाखवायला.

चार महिन्यांनी आठ्या परत आल्या, तेव्हा त्यांनी टॉक्सिन पुन्हा घेतलं. फिलर नको म्हणाल्या. सनस्क्रीन आणि रेटिनॉइड चालू आहे, आणि खरं सांगायचं तर वर्षाच्या अखेरीस चेहऱ्यावर सर्वांत जास्त फरक त्यानेच दिसतोय. वांग निम्मं झालं आहे. तरी लोक त्याचं श्रेय सुईलाच देतात.

आज करायचं तर

फिलर मी त्या दहा आठवड्यांच्या खिडकीत दिलाच नसता. पितृपक्ष आणि नवरात्र सोडून उरलेल्या दिवसांत टॉक्सिन बसत होतं, फिलर नव्हता. फिलर लग्नानंतर, शांतपणे. शैलाताई कदाचित दुसरीकडे गेल्या असत्या आणि तिथे त्यांना तो मिळालाही असता. ही भीती निर्णय घेताना माझ्या मनात होती, आणि ती निर्णयाचं कारण व्हायला नको होती.

सिरिंज उरली म्हणून कुठे घालायची नाही. आता मी इंजेक्शनआधीच सांगते की उरलेलं टाकून दिलं जाईल, आणि ते कागदावर लिहून सही घेते. दोघांनाही नंतर अवघड जात नाही.

सुई अडली तिथे मी थांबायला हवं होतं. अनोळखी घट्टपणा लागला तर टोचायचं थांबवून सोनोग्राफी, हा नियम माझ्याकडे नव्हता. आता आहे. बाजूच्या क्लिनिकमधल्या एका सहकाऱ्याला हा नियम अतिरेकी वाटतो. चाळिशीच्या आत आणि आधी काही न घेतलेल्यांच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर असेल.

दातांचा प्रश्न सूचनापत्रात आला आहे, आधी आणि नंतरही. सॉना काढून टाकला. त्याऐवजी चुलीसमोर किंवा फराळाच्या कढईसमोर तासन्‌तास उभं राहू नका, असं लिहिलं आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे पहिल्या भेटीत पाच मिनिटं रुग्णाबरोबर एकटीने. सोबत नवरा असो, मुलगी असो, सून असो. छापील फॉर्मवरचा प्रश्नही बदलला. "याआधी काही उपचार?" या प्रश्नाचं उत्तर बायका "नाही" असंच देतात, कारण त्यांच्या लेखी तो उपचार नसतो, गुपचूप केलेली हौस असते. आता मी विचारते, "चेहऱ्यात कधी काही टोचून घेतलंय? पार्लरमध्ये, कुणाच्या घरी, परदेशात, कुठेही? सिरिंजमधून की बाटलीतून?"

नऊ महिन्यांनी शैलाताई नियमित तपासणीला आल्या, तेव्हा सोबत साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. त्यांना गालांसाठी काहीतरी करून हवं होतं. शैलाताई स्वतःहून उठल्या आणि म्हणाल्या, "मी बाहेर बसते, तुम्ही बोला."

दार लागलं. त्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि मी फॉर्म हातात घ्यायच्या आत म्हणाल्या, "मी तिची नणंद. मला दोन्ही बाजूंना दिलं होतं."